किरण ऐकणारं यंत्र: कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये कुठे कापायचं नाही, हे कसं ठरतं?

पायात काटा मोडून जखम पिकली की जांघेत अवधान येतं. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, कारण पेशींच्या मधून झिरपणारं पाणी, म्हणजे लसिका, अगदी बारीक नळ्यांमधून परत रक्ताकडे जातं आणि जाताना वाटेतल्या लसिका ग्रंथींमध्ये गाळलं जातं. पायाची वाट जांघेतून जाते, हाताची आणि स्तनाची बहुतांशी काखेतून, जिभेची आणि गालाची मानेतून. जखमेतले जंतू वाटेवरच्या गाठीत अडकले की ती सुजते.

कॅन्सरच्या पेशीही बऱ्याचदा याच वाटेने निघतात. पण त्या गाठीत जाऊन बसल्या तरी गाठ सुजेलच असं नाही. हाताला लागत नाही, दुखत नाही, सोनोग्राफीत साधीच दिसते, आणि तरीही आत दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका असू शकतो. मग सर्जनपुढे प्रश्न उरतो: जे दिसत नाही, हाताला लागत नाही, त्यासाठी काखेतल्या किंवा मानेतल्या किती गाठी काढायच्या?

बराच काळ याचं उत्तर 'सगळ्या' असं होतं. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाच्या कॅन्सरसाठी जे ऑपरेशन रूढ केलं, त्यात स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळंच निघायचं. पुढे स्नायू वाचले, मग स्तनही वाचू लागला, पण काख रिकामी करण्याची पद्धत १९९०च्या दशकापर्यंत सर्रास टिकली. त्याची किंमत बाईला नंतर मोजावी लागायची. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या साधारण पाच जणींपैकी एकीच्या हाताला पुढे केव्हातरी सूज येते. बांगडी चढत नाही, ब्लाउजची एक बाही उसवावी लागते. ही सूज आटोक्यात ठेवता येते, पण पुरती जाईलच असं नाही. खांदा आखडतो, दंडाची आतली बाजू बधिर राहते. आणि यातल्या कितीतरी जणींच्या गाठी पॅथॉलॉजिस्टने तपासल्यावर कॅन्सर एकीतही सापडायचा नाही. म्हणजे सगळं दुखणं सोसलं, ते नसलेल्या रोगासाठी.

या लेखात ज्या हातात धरायच्या यंत्रांबद्दल सांगायचं आहे, त्यांचं खरं काम इथे सुरू होतं. 'कॅन्सर शोधणारं यंत्र' असं त्यांचं वर्णन बातम्यांत येतं. माझ्या मते ते अर्धंच बरोबर आहे. काय कापायचं नाही हे सर्जनला खात्रीने सांगणं, यातच त्यांचा मोठा उपयोग आहे.

वाटेवरची पहिली गाठ

पॅराग्वेचे सर्जन रामोन काबान्यास यांनी १९७७ साली शिश्नाच्या कॅन्सरबद्दल लिहिताना एक साधा तर्क मांडला. त्या भागातली लसिका आधी एका ठरावीक गाठीत पोचते. ती गाठ स्वच्छ असेल तर तिच्या पुढच्या गाठीही स्वच्छ असण्याची शक्यता खूप. तेव्हा आधी तीच एक काढून तपासावी. या पहिल्या गाठीला सेंटिनल नोड म्हणतात. 'सेंटिनल' म्हणजे पहारेकरी.

अडचण अशी होती की ही गाठ प्रत्येक शरीरात नेमकी त्याच जागी नसते. काखेतल्या चरबीत वीसेक गाठी विखुरलेल्या असतात, रंगारूपाने सारख्याच. त्यातली पहिली कोणती, हे त्या माणसाच्या शरीरालाच विचारावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ साली मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी ते विचारण्याची एक रीत प्रसिद्ध केली: कॅन्सरच्या जागेभोवती निळा रंग टोचायचा आणि तो कोणत्या नळीतून कोणत्या ग्रंथीत जातो ते पाहायचं. रीत छान, स्वस्त, आजही वापरात आहे. पण निळा रंग दिसण्यासाठी आधी चिरावं लागतं. कुठे चिरायचं, हे तो सांगत नाही.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, व्हर्माँटच्या डेव्हिड क्रॅग यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये निळ्या रंगाऐवजी किरणोत्सर्गी कण टोचले आणि त्वचेवरून एक छोटी नळी फिरवून गाठ हुडकली. ही नळी म्हणजे गॅमा प्रोब. आता चिरण्याआधीच जागा कळू लागली.

ऑपरेशन थिएटरमध्ये किरण मोजायची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. बॉस्टनमध्ये बर्ट्रम सेल्व्हरस्टोन आणि विल्यम स्वीट यांनी १९४९ सालीच मेंदूच्या गाठींसाठी रुग्णाला किरणोत्सर्गी फॉस्फरस दिला होता आणि मेंदूत बारीक गायगर काउंटर घालून गाठीची हद्द शोधली होती. पण फॉस्फरसमधून निघतात ते बीटा कण. मांसातून ते काही मिलिमीटरच जातात. म्हणजे यंत्र गाठीला जवळजवळ टेकवावं लागायचं. काखेत खोल दडलेल्या गाठीची चाहूल बाहेरून लागायला वेगळा किरण हवा होता.

टेक्निशियम आणि सहा तास

तो किरण टेक्निशियम-९९एम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याने पुरवला. जगभरच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांचं बहुतेक काम त्याच्यावर चालतं, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

त्यातून १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडतो. हा आकडा सोयीचा आहे. याहून खूप कमी ऊर्जा असती तर किरण शरीरातच विरले असते. खूप जास्त असती तर शिशाच्या किंवा टंगस्टनच्या पातळ भिंतीने ते अडले नसते आणि यंत्र जाडजूड करावं लागलं असतं. १४०वर मांसाचा साडेचार-पाच सेंटिमीटरचा थर पार करताना साधारण निम्मे किरण गळतात, निम्मे पलीकडे येतात. काखेसाठी हे पुरेसं आहे.

दुसरी सोय म्हणजे अर्धायुष्य. सहा तासांत ते निम्मं होतं, बारा तासांत पाव, चोवीस तासांत सोळावा हिस्सा. काल दुपारी टोचून आज सकाळी ऑपरेशन करता येतं, आणि दोन-तीन दिवसांत शरीरात उल्लेख करण्याजोगं काही उरत नाही. पण यातच एक गैरसोय आहे: सहा तासांत निम्मा होणारा माल साठवून ठेवता येत नाही. म्हणून दवाखान्यात टेक्निशियमऐवजी त्याचा 'बाप' येतो, मोलिब्डेनम-९९, ज्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं आहे. शिशाच्या कवचातल्या जनरेटरमध्ये मोलिब्डेनमपासून टेक्निशियम तयार होत राहतं आणि ते सलाइनने धुऊन काढतात. आपल्याकडे असे जनरेटर आणि त्यात मिसळायची औषधांची किट पुरवण्याचं काम वाशीचं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, म्हणजे 'ब्रिट', करतं. मोलिब्डेनम मुख्यतः अणुभट्टीत तयार होतं. २००९च्या मे महिन्यात कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी बंद पडली, ती पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, आणि दरम्यान जगभरच्या दवाखान्यांना स्कॅन पुढे ढकलावे लागले. हातात मावणाऱ्या यंत्रामागे एवढी लांब साखळी असते, हे सहसा कुणी सांगत नाही.

हे टेक्निशियम प्रथिनाच्या किंवा गंधकाच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवतात आणि स्तनाग्राभोवती किंवा कॅन्सरच्या मूळ गाठीभोवती टोचतात. कण लसिकेबरोबर वाहत जातात आणि पहिल्या ग्रंथीतल्या पेशी त्यांना पकडतात. सगळे नाही. टोचलेल्यापैकी बहुतेक माल टोचल्या जागीच राहतो. ग्रंथीपर्यंत पोचतो तो बऱ्याचदा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढची बरीच भानगड याच्यातून उद्भवते.

प्रोब काय ऐकतो

गॅमा प्रोब साधारण जाड मार्करएवढा असतो. टोकाशी एक छोटा स्फटिक. काही प्रकारांत गॅमा किरण आदळला की स्फटिकात प्रकाशाची सूक्ष्म ठिणगी पडते आणि ती मोजली जाते. नव्या प्रकारांत कॅडमियम झिंक टेल्युराइड हा अर्धवाहक (सेमीकंडक्टर) असतो, त्यात किरणाचं थेट विजेच्या स्पंदात रूपांतर होतं. हा अर्धवाहक नेहमीच्या तापमानाला चालतो, थंड करावा लागत नाही, म्हणून यंत्र लहान होऊ शकलं. आलेल्या किरणाची ऊर्जा मोजून प्रोब ठरवतो की हा सरळ आला आहे की मांसात कुठेतरी आपटून, दिशा बदलून आला आहे. आपटलेल्या किरणाची ऊर्जा कमी झालेली असते, तो मोजणीतून बाद.

स्फटिकाभोवती टंगस्टनची भिंत असते, फक्त समोरून उघडी. ही भिंत फार महत्त्वाची. गॅमा किरण भिंगाने वळवता येत नाहीत; त्यामुळे 'हा कुठून आला' हे कळायला एकच उपाय, नको त्या दिशेचे किरण अडवणं. समोर जेवढं बारीक भोक, तेवढी दिशा नेमकी, पण आत येणारे किरणही तेवढेच कमी. नेमकेपणा आणि मोजणी यांच्यातली ही ओढाताण या सगळ्या यंत्रांच्या मुळाशी आहे. कोणत्याही कंपनीचं माहितीपत्रक वाचताना ती आठवली तर फसगत होत नाही.

प्रत्येक किरणामागे यंत्र आवाज करतं. सर्जन निर्जंतुक पिशवीतला प्रोब काखेवरून सावकाश सरकवतो. टिकटिक दाट होते, सूर चढतो, पडद्यावर आकडा वाढतो. अंतर निम्मं केलं की मोजणी साधारण चौपट होते, त्यामुळे गाठीजवळ आल्यावर फरक एकदम जाणवतो. मात्र हात घाईत फिरवून चालत नाही. किरण ठरल्या वेळी येत नाहीत, यदृच्छेने येतात. सेकंदाला नऊ मोजणी असतील तर ती सहा किंवा बाराही सहज होऊ शकते. नऊशे असतील तर चढउतार तीसेकाचाच. म्हणून क्षीण गाठीवर प्रोब काही सेकंद स्थिर धरतात. अनुभवी सर्जनचा हात इथे थांबतो आणि नवशिक्याचा फिरत राहतो.

मग दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, आत प्रोब, गाठ बाहेर. बाहेर काढलेल्या गाठीची मोजणी पुन्हा वेगळी घेतात, शरीरापासून दूर धरून. रिकाम्या झालेल्या जागेतही मोजतात. सर्वांत 'गरम' गाठीच्या दहा टक्क्यांहून जास्त मोजणी देणारी दुसरी गाठ आत असेल तर तीही काढायची, असा बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा नियम आहे. साधारणपणे एक ते तीन गाठी निघतात. त्या लगेच फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासायला, जातात किंवा नंतर सावकाश तपासल्या जातात.

एवढ्याशा गाठींवर विसंबून काख सोडून देणं सुरक्षित आहे का? याचा सर्वांत मोठा पडताळा अमेरिकेतल्या एनएसएबीपी बी-३२ या चाचणीने घेतला. ५६११ स्त्रिया, अर्ध्या जणींच्या सेंटिनल गाठीसोबत बाकीची काखही रिकामी केली, बाकीच्यांची सेंटिनल गाठ स्वच्छ निघाली तर काख सोडून दिली. २०१०मध्ये निष्कर्ष आले: आयुर्मानात फरक नाही. याच चाचणीत असंही दिसलं की काखेत कॅन्सर असलेल्या दर शंभर जणींमागे सुमारे दहा जणींची सेंटिनल गाठ चुकून 'स्वच्छ' ठरते. म्हणजे पद्धत अचूक नाही. तरी आयुर्मान घटलं नाही, कारण ऑपरेशननंतरची औषधं आणि रेडिएशन उरलंसुरलं बरंचसं सांभाळून घेतात. एकूण अभ्यास पाहता हाताच्या सुजेचं प्रमाण मात्र पाचातल्या एकीवरून वीसातल्या एकीच्या आसपास आलं.

आवाज पुरत नाही तेव्हा

आता त्या एक टक्क्याकडे येऊ. टोचल्या जागी शंभरातले नव्व्याण्णव भाग, गाठीत एक. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टोचलेली जागा आणि काख यांत सहसा पुरेसं अंतर असतं, प्रोब दुसरीकडे वळवून धरता येतो. पण जिभेखालच्या भागात, ज्याला तोंडाचा तळ म्हणतात, तिथला कॅन्सर असेल तर? टोचलेली जागा आणि हनुवटीखालच्या पहिल्या गाठी यांत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. तिथे प्रोबने गाठ शोधणं म्हणजे लग्नाच्या मांडवात डीजेशेजारी उभं राहून मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकणं. आवाज सगळीकडेच आहे. कोणता कुणाचा, ते कळत नाही.

हातात धरायचा गॅमा कॅमेरा खरा कामाला येतो तो इथे. प्रोबमध्ये एकच डोळा. कॅमेऱ्यात स्फटिकाचे शेकडो छोटे चौकोन, आणि समोर टंगस्टनची जाळी किंवा सुईच्या टोकासारखं एकच छिद्र. कोणत्या चौकोनावर किती किरण पडले याचं चित्र तयार होतं. मग मोठ्या तेजस्वी डागाशेजारचा लहान फिकट ठिपका वेगळा दिसू शकतो, निदान त्याच्याकडे बोट तरी दाखवता येतं. मोठ्या डागावर पडद्यावरच झाकण घालता येतं. मूळ गॅमा कॅमेरा बर्कलेच्या हॅल अँगर यांनी १९५०च्या दशकात बनवला. तो आणि त्याचे वंशज खोलीभर जागा व्यापतात. स्पेनमधल्या वॅलेन्सियाचा 'सेंटिनेला', बर्लिनचा 'क्रिस्टलकॅम' ही त्याची ऑपरेशन थिएटरमध्ये शिरलेली लहान रूपं. एकाला फिरता स्टँड आहे, दुसरा हातात मावतो.

म्युनिकमध्ये आणखी वेगळा मार्ग काढला. साधा प्रोबच घ्यायचा, त्याला परावर्तक गोळ्या लावायच्या, आणि छताजवळच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने प्रोब प्रत्येक क्षणी कुठे आहे, कुणीकडे तोंड करून आहे, हे टिपायचं. सर्जन एक-दोन मिनिटं वेगवेगळ्या कोनांतून प्रोब फिरवतो. जागा आणि मोजणी यांचा मेळ घालून संगणक गाठीची त्रिमिती जागा काढतो आणि ती रुग्णाच्या शरीराच्या चालू व्हिडिओवर बसवतो. 'त्वचेखाली १७ मिलिमीटर' असं खोलीसकट उत्तर मिळतं. याला फ्रीहँड स्पेक्ट म्हणतात.

मग सगळीकडे कॅमेराच का नको? कारण मघाची ओढाताण. प्रोबच्या एका डोळ्यात जमणारे किरण कॅमेऱ्यात शेकडो चौकोनांत वाटले जातात. चित्र उमटायला तीस सेकंद, कधी मिनिट लागतं. तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये, रुग्णाचा श्वास तर चालूच असतो. छिद्र-कॅमेरा दूर नेला की जास्त भाग दिसतो, पण किरण अंतराच्या वर्गाने कमी होतात. जवळ नेला की उलट. स्तनाच्या नेहमीच्या केसमध्ये चांगला प्रोब, निळा रंग आणि सरावलेला हात यांच्यापुढे कॅमेरा फार काही वाढवून देत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तोंडाच्या तळाचा कॅन्सर, मानेचा मेलानोमा, ओटीपोटातल्या आडवाटेच्या गाठी इथे गोष्ट वेगळी.

तोंडाच्या कॅन्सरचा मुद्दा आपल्या अगदी जवळचा आहे; तंबाखूने तो घराघरात आणला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने जगभरचा जुना वाद मिटवला. तोंडाचा कॅन्सर लहान असताना, मान वरवर स्वच्छ वाटत असतानाच मानेतल्या गाठी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. वाट पाहून, गाठ आली तरच काढल्या तर ६७.५ टक्के. निकाल स्पष्ट होता: वाट पाहू नका. पण त्याच चाचणीत आधीच मान उघडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्याच गाठींत कॅन्सर सापडला. उरलेल्या ७० टक्क्यांना मानेचं ऑपरेशन, खांद्याची दुर्बलता आणि व्रण हे सगळं केवळ खबरदारी म्हणून सोसावं लागलं. त्या ७० टक्क्यांना आधीच ओळखता आलं तर? फ्रान्समध्ये २०२०ला आणि जपानमध्ये २०२१ला प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवलं की आधी सेंटिनल गाठ तपासून तिच्यात रोग असेल तरच मान उघडली, तरी निकाल सरसकट मान उघडण्याइतकेच चांगले येतात आणि खांदा लवकर सावरतो.

तरीही आपल्याकडे ही पद्धत तोंडाच्या कॅन्सरसाठी अजून सर्रास नाही, आणि याचं खापर फक्त यंत्राच्या किमतीवर फोडणं बरोबर नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये सेंटिनल गाठीचे अगदी पातळ काप पाडून, खास रंगद्रव्यांनी तपासावे लागतात. त्याला दिवस जातात. गाठ 'पॉझिटिव्ह' निघाली तर रुग्णाला दुसऱ्यांदा भूल द्यायची. मजुरी बुडवून, रात्रीच्या एसटीने आलेल्या माणसाला 'पुन्हा या' सांगणं सोपं नसतं. अशा वेळी एकाच खेपेत मान साफ करणारा सर्जन मला मागासलेला वाटत नाही.

कॅन्सरलाच खूण

आतापर्यंत आपण वाटेचा माग काढत होतो. टोचलेल्या कणांना कॅन्सर ओळखू येत नाही, ते फक्त वाहतात. दुसरा प्रकार याहून धाडसी आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात असतं. त्याला चिकटणारा रेणू टेक्निशियमला जोडून शिरेतून दिला तर तो कॅन्सरपेशींपाशीच जमतो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात टोबियास माउरर आणि सहकाऱ्यांनी २०१५च्या सुमारास हे ऑपरेशनमध्ये वापरायला सुरुवात केली, आधी इंडियम-१११ हे दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य आणि मग टेक्निशियम लावून. प्रोस्टेट काढल्यावर काही वर्षांनी पीएसए, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन, पुन्हा चढू लागतं, पेट स्कॅनमध्ये ओटीपोटात खोल एखादी तांदळाएवढी गाठ चमकते. पण ऑपरेशनच्या टेबलावर पोट उघडलं की ती सापडत नाही. चरबी, शिरा, मूत्रनलिका आणि आधीच्या ऑपरेशनचे व्रण यांत हरवते. प्रोब तिथे थेट तिच्याकडे नेतो आणि ती निघाली याची खात्रीही करून देतो. रोबोटिक ऑपरेशनमध्ये लांब दांड्याचा प्रोब वळत नाही, म्हणून नेदरलँड्समध्ये पोटात सोडून रोबोटच्या चिमट्याने उचलायचा, तारेच्या टोकाचा प्रोब विकसित झाला.

एकाच रेणूला टेक्निशियम आणि खास कॅमेऱ्यात चमकणारा आयसीजी हा हिरवा रंग असं दोन्ही लावून टोचण्याची रीतही तिकडचीच. किरण खोलवरून दिशा सांगतात. प्रकाश वरच्या सेंटिमीटरभर थरातलाच दिसतो, पण अगदी नेमका दिसतो. इंग्लंडमध्ये लेस्टर आणि नॉटिंगहॅमच्या गटांनी साधा फोटो आणि गॅमा चित्र एकावर एक दाखवणारा छोटा कॅमेरा तयार केला आहे, तोही याच विचाराने: सर्जनला पडद्यावरचा ठिपका नको असतो, समोरच्या शरीरावरचा हवा असतो.

रुग्णांचे प्रश्न

'रेडिएशन' शब्द ऐकून नातेवाईक घाबरतात, तेव्हा एक गोष्ट ठळक सांगायला हवी. प्रोब किंवा गॅमा कॅमेरा स्वतः कोणताही किरण सोडत नाही. एक्स-रेचं सी-आर्म यंत्र किरण सोडतं. हे फक्त आलेले मोजतं. किरण येतात ते टोचलेल्या औषधातून, आणि सेंटिनल गाठीसाठी टोचायची मात्रा हाडांच्या स्कॅनसाठी देतात तिच्या लहानशा अंशाएवढी असते. केस गळणं, उलट्या असलं काही होत नाही. रेडिएशनची ट्रीटमेंट ही वेगळी गोष्ट. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर मात्र टोचण्याआधीच सांगा. निळा रंग वापरला असेल तर दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी होते, त्वचेवर डाग काही आठवडे राहू शकतो. त्याने घाबरू नका. क्वचित या रंगाची ॲलर्जी येते, म्हणून भूलतज्ज्ञ तयारीत असतात.

ज्या गावात न्यूक्लिअर मेडिसिन विभागच नाही, तिथे काय? अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय किरणोत्सर्गी पदार्थ ठेवता येत नाहीत, ते योग्यच आहे, पण त्यामुळे प्रोब विकत घेऊन भागत नाही. टाटा मेमोरियलच्या स्तनविभागाने यावर प्रोबविना चालणारा मार्ग तपासला: काखेत आडवी जाणारी एक संवेदनेची नस (मज्जातंतू) ओळखायची आणि तिच्या खालचा तेवढाच चरबीचा भाग गाठींसकट काढायचा. या 'लो ॲक्सिलरी सॅम्पलिंग'ने काखेची स्थिती सेंटिनल पद्धतीइतकीच नीट कळते, असं त्यांना आढळलं. तालुक्याच्या सर्जनसाठी हे फार कामाचं आहे. त्यात यंत्र काहीच लागत नाही म्हणून त्याची बातमी होत नाही.

आणि आता तर प्रश्न आणखी पुढे गेला आहे. मिलानमधून चाललेल्या 'साउंड' चाचणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. स्तनातली गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर सेंटिनल गाठसुद्धा न काढलेल्या स्त्रियांचे निकाल काढलेल्यांपेक्षा वाईट नव्हते. म्हणजे अशा निवडक रुग्णांमध्ये प्रोब कपाटातच राहू शकतो. आपल्याकडे बऱ्याच बायका गाठ मोठी झाल्यावरच येतात, त्यामुळे तो इतक्यात कपाटात जाणार नाही.

ऑपरेशन ठरलं असेल तर 'तुमच्याकडे नवा कॅमेरा आहे का' यापेक्षा दोन गोष्टी विचारा. या विभागात अशी ऑपरेशनं नियमित होतात का, आणि सेंटिनल गाठ किती जणांत सापडत नाही? शंभरात तीन-चार असं उत्तर आलं तर ते ठीक आहे. ती सापडली नाही तर पुढे काय करणार, हेही भूल देण्याआधीच ठरवून घ्या, कारण काख पूर्ण साफ करायची की नाही हा निर्णय तुम्ही झोपेत असताना घेतला जाणार असतो आणि संमतीच्या कागदावर तो आधीच लिहिलेला असतो.